कळसूबाई-साल्हेर झाले, आता वाळूचा डोंगर : तयारी कशी करावी?

कॉलेजरोड_निवासी

नमस्कार मंडळी. येत्या जूनच्या मध्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेतील डेन्व्हर येथे जाणार आहोत. तेथून मोटारीने सुमारे चार तासांवर, कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागात, ग्रेट सँड ड्यून्स नावाचे राष्ट्रीय उद्यान असून उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या तेथे आहेत. त्यांपैकी ‘हाय ड्यून’ नावाच्या टेकडीच्या माथ्यावर जाण्याचा बेत मुलीने आणि जावईबापूंनी परस्पर ठरवून टाकला आहे.

माझे वय साठीच्या उंबरठ्यावर आहे. कळसूबाई, साल्हेर, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी या वाटा माझ्या पायांना परिचयाच्या आहेत, परंतु वाळूवर मी कोकणातील किनाऱ्यापलीकडे कधी चाललेलो नाही. हाय ड्यूनचा माथा पायथ्यापासून सुमारे ७०० फूट, म्हणजे २१३ मीटरच्या आसपास आहे असे वाचले. बारी गावातून कळसूबाई चढताना आपण साधारण आठ-साडेआठशे मीटर चढतो. त्या हिशेबाने हा चढ एक चतुर्थांश ठरतो, पण हा हिशेब वाळूला लागू पडतो का, याविषयी मला शंका आहे. चढण्याची वाट कशी निवडावी, पायांत काय घालावे, उन्हाचे काय आणि नाशिकमध्ये राहून काही सराव करता येईल का, यावर जाणकारांनी लिहावे. सौभाग्यवतींचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात, हेही सांगून ठेवतो.

घसारा

काका, २१३ मीटर म्हणजे आपल्याकडे सकाळच्या चहाआधी उरकण्याचे काम आहे. ज्याने साल्हेरचा उन्हाळी चढ चढला आहे, त्याने वाळूच्या टेकडीसाठी वेगळी तयारी करावी असे मला तरी वाटत नाही. पाणी भरपूर ठेवा आणि निर्धास्त जा.

सातपूरचा_अभियंता

‘घसारा’ यांच्याशी मी सहमत नाही, कारण येथे मीटर हे माप फसवे आहे. कातळावर किंवा पायरीवर पाऊल दाबले की खालची जमीन तेवढ्याच जोराने आपल्याला वर ढकलते आणि स्नायूंनी केलेले काम जवळजवळ सगळे शरीर उचलण्याच्या कामी येते. वाळूत मात्र त्या कामाचा मोठा हिस्सा वाळूचे कण बाजूला सारण्यात आणि मागे ढकलण्यात खर्ची पडतो. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजून पाहिले होते. त्यांच्या मोजणीनुसार सपाट वाळूवर चालताना, त्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्याच्या तुलनेत, शरीराची २.१ ते २.७ पट ऊर्जा खर्च होते. गमतीचा भाग असा की धावताना हेच प्रमाण सुमारे १.६ पट इतके कमी भरते.

हे आकडे सपाट वाळूचे आहेत. चढावर त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे पाऊल टाकल्यानंतर वाळूसकट खाली घसरणे. तीव्र उतारावर टाकलेल्या पावलाचा निम्मा भाग परत खाली येतो, हा अनुभव अनेकांनी सांगितलेला आहे. तेव्हा २१३ मीटरचा माथा गाठताना पायांनी प्रत्यक्षात किती मीटरांचे काम केले, हे तुम्ही कोणत्या बाजूने चढता यावर अवलंबून राहील. काकांच्या प्रश्नांतला वाटेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच.

घसारा

ऊर्जेचा मुद्दा मान्य आहे, परंतु वाळूला बाजू कसली असते? तेथे पायवाटच नाही, तर जिकडून माथा जवळ दिसेल तिकडून सरळ चढावे, एवढेच उरते.

भूगोल_शिक्षिका

बाजू असते, आणि तीच सगळे ठरवते. मी शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर या टेकडीची आकृती काढत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वारा वाळू वाहून नेतो म्हणजे ती धुळीप्रमाणे हवेत तरंगत नेतो असे नव्हे. वाळूचा कण जड असल्याने तो वाऱ्याने उचलला जातो, थोडे अंतर उडी मारतो, खाली आदळतो आणि आदळताना दुसऱ्या कणांना उडवतो. ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅगनॉल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात फिरून आणि नंतर वायुबोगद्यात प्रयोग करून ही क्रिया उलगडून दाखवली आणि १९४१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, जो आजही या विषयाचा पाया समजला जातो. अशा उड्या मारत कण टेकडीच्या वाऱ्याकडील बाजूने वर चढत जातात. ही बाजू मंद उताराची, बहुधा दहा ते पंधरा अंशांची असते आणि कणांच्या सततच्या माऱ्याने तिचा पृष्ठभाग बऱ्यापैकी घट्ट बसलेला असतो.

माथ्यावर पोहोचलेले कण पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला पडतात आणि तेथे साचत जातात. खळ्यावर ज्वारीची रास घालताना आपण वरून कितीही दाणे ओतले तरी रास एका ठरावीक उतारापलीकडे तीव्र होत नाही, जादा दाणे घरंगळून खाली येतात. कोरड्या वाळूच्या बाबतीत हा उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा असतो. आडोशाची बाजू नेहमी या मर्यादेवरच उभी असते, आणि म्हणून माणसाच्या एका पावलाचे वजनसुद्धा तिला सहन होत नाही, पायाखालचा सगळा थर खाली सरकतो. ‘जिकडून माथा जवळ दिसेल’ ती बाजू बहुतेक वेळा नेमकी हीच असते, कारण तीव्र उतारामुळे आडवे अंतर कमी भासते. तेथून चढणारा माणूस मर्यादेवर उभ्या असलेल्या राशीशी झटत असतो.

आता ग्रेट सँड ड्यून्सची विशेष गोष्ट. तेथे वर्षातील बराच काळ नैर्ऋत्येकडून वारा वाहतो आणि सॅन लुईस खोऱ्यातील वाळू सांग्रे दे क्रिस्तो पर्वताच्या पायथ्याकडे ढकलतो. वादळाच्या वेळी मात्र पर्वतातील खिंडींमधून ईशान्येकडून जोरदार वारे येतात आणि तीच वाळू मागे लोटतात. पुढे जायला पर्वत आडवा आणि मागे यायला मुख्य वारा आडवा, अशा कोंडीत सापडलेली वाळू उंच उंच होत जाते. त्यातच पर्वतातून उतरणारे ओढे टेकड्यांच्या कडेची वाळू वाहून खाली खोऱ्यात आणून टाकतात आणि वारा ती पुन्हा टेकड्यांवर चढवतो. दोन विरुद्ध दिशांच्या वाऱ्यांमुळे माथ्याची धार कधी एका अंगाला झुकलेली असते, कधी दुसऱ्या. त्यामुळे ‘अमुक बाजू घट्ट असते’ असे कायमचे सांगता येणार नाही, ते त्या दिवशी पाहूनच ठरवावे लागेल. वाळूवर उमटलेल्या बारीक लहरींची मंद बाजू ज्या दिशेला असेल, त्या दिशेकडून अलीकडचा वारा आला असे समजावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वरचा थर कोरडा असला तरी काही इंच खाली तेथील वाळू दमट असते, आणि त्या ओलाव्यामुळे टेकड्यांचा आकार टिकून राहतो. पहाटे वरचा थरही थोडा आवळलेला असतो, म्हणून त्या वेळी पाऊल कमी रुतते.

सातपूरचा_अभियंता

बाई, फारच उपयुक्त लिहिलेत. म्हणजे वाटेचा नियम सोपा झाला. धारेवरून चालावे, धार सोडावी लागली तर वाऱ्याकडील मंद उतारावर उतरावे आणि आडोशाचा उतार फक्त परत येताना वापरावा. आपल्या डोंगरांत सोंडेवरून चढून नाळेने, म्हणजे अरुंद घळीने, उतरणारी मंडळी आहेतच, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

भटकंती_इंदिरानगर

मी नामिबियामध्ये सोसुसव्लेई परिसरातील ‘बिग डॅडी’ ही टेकडी चढले आहे, म्हणून धारेविषयी दोन शब्द लिहिते. त्या टेकडीची उंची सुमारे ३२५ मीटर सांगितली जाते आणि तिच्या पायथ्याशी डेडव्लेई नावाचे कोरडे पांढरे मैदान आहे, ज्यात शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली झाडे अजून उभी आहेत. टेकडीची वाट म्हणजे केवळ धार. ती धार सरळ नसून वळणे घेत, मध्येच खाली उतरत आणि पुन्हा चढत जाते, त्यामुळे माथा डोळ्यांसमोर असूनही लांबच राहतो.

तेथे मी जे शिकले ते असे, की पुढच्या माणसाच्या ठशातच आपले पाऊल ठेवावे. दाबली गेलेली वाळू दुसऱ्या पावलाला अधिक आधार देते. धारेवर पहिला चालणारा सर्वांत जास्त थकतो, म्हणून ठरावीक वेळाने पुढचा माणूस बदलावा. काकांनी जावईबापूंना पुढे घालावे, बेत त्यांनीच ठरवला आहे! पाऊल टाचेवर न टाकता सपाट, पूर्ण तळवा टेकवून ठेवावे आणि लहान पावले टाकावीत. ढांग मोठी टाकली की मागचा पाय खोल रुततो आणि सगळा जोर वाया जातो.

धारेच्या अगदी कडेवर, जेथे आडोशाचा उतार सुरू होतो, तेथे मात्र चालू नये. हातभर अलीकडून, वाऱ्याच्या बाजूने चालावे. कड मोडते आणि पाय एकदम गुडघ्यापर्यंत जातो, ज्यात पडण्याचा धोका नसला तरी दम मात्र निघून जातो.

उतरणे हा निव्वळ आनंद आहे. ज्या उतारावरून चढणे अशक्यप्राय असते, त्याच उतारावरून टाचा रुतवत काही मिनिटांत खाली येता येते.

देवळाली_कॅम्प

एवढ्या लांब जाऊन प्रथमच वाळू चढण्यापेक्षा काकांनी आधी जैसलमेरला जाऊन यावे. सम येथील टेकड्या शहरापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि आपल्याच देशात आहेत.

सातपूरचा_अभियंता

सम आणि खुरी दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, परंतु तेथील टेकड्या या चढाच्या मानाने बुटक्या आहेत आणि मुख्य भागात उंट, जीप व पर्यटक यांनी वाळू इतकी तुडवलेली असते की धार शोधावी लागते. शिवाय काका जूनमध्ये निघणार आहेत, म्हणजे जैसलमेरला त्यांना एप्रिल-मेमध्ये जावे लागेल, आणि त्या दिवसांत थरच्या वाळवंटात सरावासाठी जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. डिसेंबर-जानेवारीत ज्यांना सवड आहे त्यांनी गर्दीपासून दूर एखादी अखंड टेकडी पाहून बाईंनी सांगितलेल्या दोन्ही बाजू पायांनी तपासून पाहाव्यात. लडाखमधील नुब्रा खोऱ्यात हुंदर येथेही टेकड्या आहेत, मात्र त्या लहान आहेत.

पंचवटीतला_डॉक्टर

वाटेविषयी पुरेसे लिहिले गेले आहे, मी शरीराविषयी लिहितो.

पहिली बाब उंचीची. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटरवर आहे, आणि डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटरवर, म्हणजे मुलीच्या घराचा दिवाणखानाच आपल्या राज्यातील सर्वोच्च माथ्याच्या जवळपास येतो. ग्रेट सँड ड्यून्सचा पायथा तर सुमारे २,५०० मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. ‘घसारा’ यांनी २१३ मीटरचा जो हिशेब केला, त्यात ही गोष्ट धरलेली नाही. नाशिकहून पोहोचल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी टेकडी गाठू नये. डेन्व्हरमध्ये काही दिवस राहून शरीराला सवय होऊ द्यावी, आणि शक्य असल्यास आदल्या रात्री पायथ्याजवळच मुक्काम करावा. डोके दुखणे, मळमळणे किंवा झोप न लागणे अशी लक्षणे दिसली तर चढाचा बेत पुढे ढकलावा. रक्तदाबाची औषधे, विशेषतः लघवी वाढवणारी, चालू असतील तर निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण कोरड्या हवेत शरीरातील पाणी नकळत कमी होते.

दुसरी बाब पायांची. वाळूत टाच खाली जाते आणि पोटरी व टाचेमागची शीर दर पावलाला अधिक ताणली जाते. डोंगर चढणाऱ्यांच्या मांड्या तयार असतात, पोटऱ्या तितक्या असतातच असे नाही. वहिनींच्या गुडघ्यांबद्दल मात्र मी उलट सांगेन. उतरताना गुडघ्यांना जो दणका बसतो तो वाळू बराचसा शोषून घेते, आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या व पायऱ्या उतरण्यापेक्षा वाळूचा उतार त्यांना सोपा जाईल. चढ त्यांच्या दमाचा प्रश्न आहे, गुडघ्यांचा तितका नाही.

तिसरी बाब सर्वांत गंभीर. उन्हाळ्याच्या दुपारी तेथील वाळूचा पृष्ठभाग ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. हवा सुखद असते, वारा गार लागतो, आणि माणूस त्याला फसतो. अनवाणी किंवा सपाता घालून वर गेलेल्यांचे तळवे भाजतात. सकाळी वाळू गार असताना जाताना चप्पल चालते, परत येताना तीच वाळू पाय टेकू देत नाही. पायमोजे आणि बंद बूट सोबत असल्याशिवाय जाऊ नये.

घसारा

डॉक्टरसाहेब, उंचीची बाब खरोखर महत्त्वाची आहे. बुटांबद्दल एक विचारतो. आपले नेहमीचे जाळीदार कापडाचे बूट चालतील का, की त्यांतून वाळू आत जाईल?

डेन्व्हरस्थित_नाशिककर

मी मूळचा गंगापूर रोडचा, आता बरीच वर्षे डेन्व्हरमध्ये आहे. या टेकड्यांवर ऋतू बदलला की जाणे होतेच, त्यामुळे स्थानिक तपशील देतो.

बुटांबद्दल आधी. जाळीतून बारीक वाळू आत जाते आणि मोज्यात साचून बोटे सोलते. घोट्यापर्यंतचे, जाड कापडाचे किंवा चामड्याचे बूट आणि त्यांच्यावरून पोटरीला बांधायचे कापडी गेटर घातले तर त्रास होत नाही. काठ्या वापरायच्या असतील तर त्यांच्या तळाशी रुंद चकती लावावी, नाहीतर काठी मुठीपर्यंत आत जाते.

गाडीतळ आणि टेकड्या यांच्या मधे मेडानो नावाचा ओढा आहे. त्यावर पूल नाही, पाण्यातूनच जावे लागते. हा ओढा बर्फ वितळून येणाऱ्या पाण्याचा असल्यामुळे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला सर्वांत भरलेला असतो आणि पुढे आटत जातो. काका येतील तेव्हा तो उथळ असण्याची शक्यता अधिक, तरी बूट काढून हातात घेण्याची आणि पाय पुसायला फडके ठेवण्याची तयारी ठेवावी. ओले मोजे घालून वाळू चढणे फार वाईट. या ओढ्यात एक मौज पाहायला मिळते. तळाशी वाळूचे छोटे बांध तयार होतात, पाणी त्यांच्यामागे तुंबते, बांध फुटतो आणि लाट येते, आणि हे थोड्या थोड्या वेळाने चालूच राहते. त्या दिवसांत सुटीच्या दिवशी या ओढ्यावर इतकी गर्दी लोटते की गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मधल्या वाराला यावे. जूनच्या मध्यापासून ओढ्याकाठी डासही सुरू होतात, टेकडीवर चढलात की ते मागे राहतात.

ओढा ओलांडल्यावर पायवाट नाही. समोर दिसणाऱ्या पहिल्या रांगेतील सर्वांत उंच माथा म्हणजे हाय ड्यून. गाडीतळावरून तोच सगळ्यांत उंच वाटतो, परंतु तो नाही. ‘स्टार ड्यून’ पश्चिमेकडे आत असून तिची उंची पायथ्यापासून ७४१ फूट, म्हणजे २२६ मीटर मोजली गेली आहे. तेथे जाऊन येणे हे पाच तासांहून अधिकचे काम आहे आणि पहिल्या भेटीत त्याच्या नादी लागू नये. हाय ड्यून जाऊन-येऊन अंदाजे अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर आहे. तरुण मंडळी दोन तासांत परततात. काकांनी तीन-साडेतीन तास धरावेत आणि मधे खुशाल बसावे.

चढताना दर धारेपाशी वाटते की हाच माथा. तेथे पोहोचले की पलीकडे आणखी एक दिसतो. म्हणून निघतानाच खालून धारांचा क्रम नीट पाहून घ्यावा, किंवा छायाचित्र काढून ठेवावे. मधल्या खळग्यांत उतरणे टाळावे, उतरलेली उंची वाळूत परत मिळवणे महागात पडते. दोन पावले लांबची धारही चालेल, पण ती सलग हवी.

सातपूरचा_अभियंता

स्टार ड्यूनचा उल्लेख आला म्हणून बाईंना विचारतो. चांदणीसारख्या आकाराच्या टेकडीवर वाऱ्याची बाजू कोणती धरावी?

भूगोल_शिक्षिका

अशी टेकडी अनेक दिशांच्या वाऱ्यांमुळे बनते. तिला मध्यभागी एक शिखर आणि त्यापासून फुटलेल्या तीन किंवा अधिक धारा असतात, आणि ती सरकण्यापेक्षा जागच्या जागी उंच होत राहते. चढणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण कोणत्याही बाजूने आलात तरी एखादी धार हाताशी असते. तिच्या धारा मात्र वर जाताना तीव्र होत जातात.

एक अवांतर, पण विषयाला धरून. आडोशाच्या उतारावरून वाळूचा मोठा थर एकदम घसरला तर तो घुमतो, विमान लांबून जावे तसा खर्जातला आवाज येतो. असे आवाज करणाऱ्या टेकड्या जगात मोजक्या ठिकाणी आहेत आणि ग्रेट सँड ड्यून्स त्यांपैकी एक आहे. वाळू पूर्ण कोरडी असेल तर उतरताना कान उघडे ठेवावेत.

इगतपुरीकर

नाशिकमधल्या सरावाचा प्रश्न मागे पडला. माझे मत असे, की वाळूची नक्कल करण्यासाठी गोदावरीच्या पात्रात शोधाशोध करण्यात अर्थ नाही, तेथे चढ मिळत नाही. त्यापेक्षा चांभारलेण्याच्या किंवा रामशेजच्या परिसरातील मुरमाड उतार उन्हाळ्यात कोरडे पडलेले असतात. तेथे पाऊल रुतत नाही, पण मागे सरकते, आणि सरकणाऱ्या जमिनीवर लहान, सपाट पावलांनी तोल न घालवता चढण्याची सवय होते. सोबत कोणी असल्याशिवाय हे करू नये, आणि कडेच्या बाजूला तर मुळीच नाही. पोटऱ्यांसाठी पांडवलेण्याच्या पायऱ्या उत्तम आहेत. पायरीवर पुढचा तळवाच टेकवून, टाच बाहेर सोडून हळूहळू चढावे. डॉक्टरांनी सांगितलेली टाचेमागची शीर अशा वेळी लगेच जाणवते, म्हणून सुरुवात थोडक्यापासून करावी. मे महिन्यात उजाडायच्या आत पायथ्याशी असावे हे नाशिककरांना सांगायला नकोच.

संचालक

व्हिसा, विमा आणि विमानभाडे यांविषयीचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. येथे कृपया टेकडीपुरतेच लिहावे.

कॉलेजरोड_निवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुमच्या लिखाणावरून आम्ही असे ठरवत आहोत, की डेन्व्हरला आठवडाभर राहून मग मधल्या वारी निघावे, आदल्या रात्री अलामोसा गावी मुक्काम करावा आणि सूर्योदयाच्या सुमारास ओढा ओलांडावा. वाळू तापण्यापूर्वी परत खाली यायचे. स्टार ड्यूनचा विचार सोडून दिला आहे. दोन शंका मात्र उरतात. जावईबापूंना माथ्यावरून फळीवर बसून घसरत यायचे आहे, त्यासाठी बर्फावर वापरतात ती प्लॅस्टिकची घसरगाडी घरी आहे, ती चालेल का? आणि सौ. माथ्यापर्यंत न येता खालीच थांबली तर तिचा वेळ कसा जावा?

डेन्व्हरस्थित_नाशिककर

काका, बेत उत्तम आहे. अलामोसा सुमारे २,३०० मीटरवर असल्यामुळे तेथील मुक्काम उंचीच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. तेथून उद्यान पाऊण तासाच्या आत येते आणि उद्यान चोवीस तास उघडे असते, त्यामुळे पहाटे दारावर थांबावे लागत नाही. जूनमध्ये सूर्य तेथे पावणेसहाच्या सुमारास उगवतो.

बर्फावरची घसरगाडी कोरड्या वाळूवर सरकत नाही, जागीच बसते. वाळूसाठी वेगळ्या, खालून गुळगुळीत केलेल्या फळ्या मिळतात. त्या उद्यानाबाहेरच्या दुकानांत भाड्याने मिळतात आणि त्यांना खालून मेण चोळावे लागते. दुकाने पहाटे उघडी नसतात, म्हणून आदल्या दिवशीच घेऊन ठेवाव्यात. घसरण्याआधी खाली माणूस किंवा झुडूप नाही हे पाहावे आणि उतार संपतो तेथे सपाटी आहे याची खात्री करावी. लहान मुले सोबत असतील तर त्यांना वाळूत भुयारे खणू देऊ नका, ओलाव्याने उभी राहिलेली भिंत सुकली की कोसळते.

दुपारनंतर विजांचा धोका असतो, हे आधीच्या प्रतिसादात राहिले. जुलै-ऑगस्टमध्ये तो सर्वांत जास्त असतो, पण जूनमध्येही पर्वतावर ढग जमताना दिसले की माथ्याकडे पाठ फिरवावी. टेकडीवर आसपास तुमच्याएवढे उंच दुसरे काहीच नसते. त्या परिसरात वीज वाळूत शिरून वाळू वितळल्याने झालेल्या काचेच्या नळ्या सापडतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. वारा सुटला तर डोळ्यांवर बंद कडांचा चष्मा लागतो आणि कॅमेऱ्याची भिंग बदलण्याचा मोह टाळावा लागतो. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.

भटकंती_इंदिरानगर

काकूंसाठी माझी सूचना अशी, की त्यांनी खाली थांबण्याचे आधीच ठरवू नये. पहिल्या एक-दोन बुटक्या धारांपर्यंत तुमच्याबरोबर यावे. तेथून पुढची सगळी रांग दिसते, वाळूवर चालण्याचा अनुभवही मिळतो, आणि दम लागला तर काही मिनिटांत त्या एकट्याही खाली उतरू शकतात. सकाळची ऊन-सावली धारांवर जितकी स्पष्ट दिसते तितकी दुपारी दिसत नाही, त्यामुळे छायाचित्रांसाठी त्यांची जागा कदाचित तुमच्यापेक्षा सरस ठरेल.

डेन्व्हरस्थित_नाशिककर

ताईंशी सहमत आहे. फक्त एकमेकांपासून वेगळे होणार असाल तर भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरवून घ्या, मोबाइलच्या भरवशावर राहू नका, आणि ती जागा ओढ्याच्या अलीकडे, गाडीतळाजवळची ठेवा. पलीकडच्या वाळूवर ‘त्या उंचवट्यापाशी’ असे ठरवले, तर परतताना तसे दहा उंचवटे दिसतात. काकूंनी लाल किंवा भगव्या रंगाचा कपडा घातला तर माथ्यावरूनही त्या ओळखू येतील.